आजाऱ्यांच्या यादीबाबत आणि दादाच्या चादरीबाबत

प्रिय मंडळी, चर्चमधली उपासना लांबते आणि ती माझ्यामुळे लांबते, ही तुम्हा सर्वांची जुनी तक्रार. आज मिटवतो. हे माझे शेवटचे भाषण. मी गेल्यावरच्या पहिल्या रविवारी पाळकांनी ते आजाऱ्यांच्या यादीनंतर वाचावे.

मी, वय एकोणऐंशी, धंद्याने पुस्तके बांधणारा, चाळीस वर्षे तुमचा उपदेशक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहितो. डोके ठिकाणावर आहे. तुमच्याविषयीचे माझे मत हाच त्याचा पुरावा.

एक. माझे दोन खोल्यांचे घर मी लाँड्रीवाल्या बाईला देतो. ती आपल्या मंडळीतली नाही. कारण तुम्हाला ठाऊक आहे, तरी ऐका. एका रविवारी आपल्यातल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याचे नाव आजाऱ्यांच्या यादीत वाचून आपण 'प्रभू, त्याला लवकर बरे कर' म्हणत होतो. वेदीची वस्त्रे घेऊन आलेली ही बाई दारातूनच म्हणाली, "अहो, कुणाला बरं करताय? त्याला जाऊन पाच आठवडे झाले. मीच अंघोळ घातली त्याला!"

कोणी त्याच्या घरापर्यंत गेले असते तर निदान कुलूप दिसले असते. आणि पोरे ज्यांना आमेनबुवा म्हणतात ते आपल्या मंडळीचा कारभार पाहणारे वडीलजन काय म्हणाले? "मग नाव खोडा की." झाली प्रीती.

त्या दिवशी उपदेश माझाच होता. विषय, निःस्वार्थ प्रेम.

दोन. माझा थोरला भाऊ सहा वर्षे मागच्या खोलीत अर्धांगाने पडून आहे. तुम्ही त्याच्यासाठी तीनशे रविवार प्रार्थना केलीत. खाटेपर्यंत एकही जण आला नाही. वास येतो म्हणे. मी तरी कुठला शहाणा? उंबऱ्यावर उभा राहून त्याला वचने ऐकवायचो. एकदा दादाची चादर बदलायला आलेली लाँड्रीवाली बाई म्हणाली, "भाऊ, तुमचं झालं असेल तर जरा दादांचे पाय धरा. चादर अडकलीय." धरले. प्रीतीला वजन असते आणि ते कंबरेत भरते, हे मला पंच्याहत्तरीत कळले. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघे त्याला उचलतो.

घराला अट नाही. दादाला सांभाळलेस तरच घर, असे लिहिणे म्हणजे तिच्या मायेची मजुरी ठरवणे. तिला सांगितले तेव्हा ती वैतागलीच. "घर घेऊन काय करू? मला एकटीला दादा उचलत नाहीत. दुसरा माणूस द्या."

तीन. उपदेशांच्या अकरा वह्या आमेनबुवांना. चौथी मात्र दादाच्या खाटेच्या डुगडुगत्या पायाखाली आहे, तिथेच राहू द्यावी. माझ्या दुसऱ्या कुठल्याही उपदेशाने एवढा भार उचललेला नाही.

चार. माणूस मृत्युपत्रात देता येत नाही, म्हणून मागतो. उद्या सोमवारी सकाळी सात वाजता बाई चादर बदलायला येईल. आमेनबुवा, तुम्ही मागच्या खोलीत या आणि दादाचे पाय धरा.

लिहून देणार : सही
साक्षीदार : १. कोपऱ्यावरचा चांभार, सही. २. दवाखान्यातली नर्स, सही.
स्थळ : दादाच्या खाटेशेजारी
दिनांक : नऊ फेब्रुवारी, चादर बदलून झाल्यावर