सगळीच यंत्रं अ वर्गात

रावेत,
गुरुवार, सुट्टीचा दिवस

तीर्थरूप यशवंतदादांस, धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? ‘बरा आहे’ हे उत्तर चालणार नाही. जिना कठडा धरून चढता की न धरता, ते कळवा. वहिनींचं पित्त ताब्यात असेल. अंजलीच्या लग्नाची तयारीही जोरात असेल, त्याविषयी मला काहीच म्हणायचं नाही. फोन केला असता, पण तुम्ही दोनदा ‘हं’ म्हणता आणि माझं वाक्य संपायच्या आत फोन वहिनींकडे देता. म्हणून पत्र.

कंपनीत जे झालं ते तुमच्या कानावर भलतंच आलं असणार, म्हणून खरं सांगते. चाकणला आम्ही गाड्यांच्या दारांचे पत्रे ठोकतो, जोडतो आणि रंगवतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. (वहिनी लोकांना ‘पत्र्याच्या शेडमध्ये असते’ असं सांगतात, तेही मला ठाऊक आहे.) यंत्रं वरचेवर बंद पडत होती. आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं पाहणीला येणार असं ठरलं, तेव्हा मालक प्रीतमशेठ मला म्हणाले, यंत्रांवर भरवसा ठेवता येईल असा काहीतरी कार्यक्रम बसवा. पाहुण्यांना पटला तर नवं काम मिळेल. नाही पटला तर देखभालीचं खातं बाहेरच्या ठेकेदाराकडे. म्हणजे माझ्या हाताखालची अकरा माणसं घरी, आणि त्यांच्या पुढे मी.

अशा कार्यक्रमात आधी यंत्रांची प्रतवारी करतात. जे थांबलं की सगळं थांबतं ते अ. जे थांबलं की थोडं अडतं ते ब. जे थांबल्याचं जेवायच्या सुट्टीत कळतं ते क. अ वर्गाची निगा रोज, बाकीच्यांची सवडीनं. मी यादी केली आणि फळ्यावर लावली. (कॉलेजात आम्हाला चार वर्षं यंत्रं शिकवली. माणसं ऐच्छिक विषयांतही नव्हती.)

दुसऱ्या दिवशी पत्रे ठोकणाऱ्या प्रेसशॉपचे साहेबराव इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात माझ्यासमोर उभे. “म्याडम, आमच्या प्रेसनं तुमचं काय घोडं मारलंय? ती ब, आन् परवा आलेला रोबोट अ? गावात तोंड कुठं दाखवू?” मी शांतपणे समजावलं की अ हा मान नाही, तेलपाण्याची सोय आहे. ते म्हणाले, “एक वेळ त्येल नका घालू, पर अ द्या.” दिला. लगेच वेल्डिंगचा रिझवान आला. प्रेसलाही अ मिळाला तर त्याच्या रोबोटच्या अ ला काय किंमत राहिली, रोबोटला अ-एक करा, असं त्याचं म्हणणं. रंगखात्याची सादिका समंजस मुलगी. ती काहीच बोलली नाही, फक्त आमच्याबरोबर चहा प्यायची बंद झाली. दुपारपर्यंत तिच्या भट्टीलाही अ दिला. संध्याकाळी कँटीनवाल्याचा निरोप आला.

मी यादी फाडली आणि ज्यानं त्यानं आपापल्या यंत्राचा वर्ग लिहून द्यावा असा हुकूम काढला. सगळी यंत्रं अ वर्गात आली, चहाच्या यंत्रासकट. फक्त इमारतीमागच्या शेडमध्ये जो एक कॉम्प्रेसर आहे, ज्याच्या हवेवर प्रेस, रोबोट आणि रंगाच्या बंदुका सगळंच चालतं, तो कोणत्याच खात्याचा नाही. त्याच्या वतीनं रुसायला कोणी आलं नाही. तो यादीत राहिला नाही.

मग स्वागताचा फ्लेक्स. त्यावर साहेबरावांचा फोटो रिझवानच्या फोटोपेक्षा बोटभर लहान आला. (मी पट्टी लावून पाहिलं, अर्धं बोट.) फ्लेक्स पुन्हा छापला. पहिला फेकायचा कसा, त्यावर प्रीतमशेठही आहेत, म्हणून शेडमागे उभा करून ठेवला.

पाहुणे आले. प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ आणि सोनेरी अ. प्रमुख बाई प्रेससमोर उभ्या राहिल्या, आणि सगळा कारखाना एकदम गप्प झाला. प्रेस बंद, रोबोट हात वर करून उभा, बंदुका थुंकेनात. बाईंनी विचारलं, “बंद काय पडलंय?” मी म्हटलं, “कॉम्प्रेसर.” “तो कुठल्या वर्गात?” मी म्हटलं, “तो वर्गात नाही.”

शेडमागे गेलो. वाऱ्यानं जुना फ्लेक्स सरकून कॉम्प्रेसरच्या जाळीला चिकटला होता. आत हवा जाईना, कॉम्प्रेसर तापून थांबला होता. जाळीवर नेमके साहेबरावच होते, हात जोडलेले. खऱ्या साहेबरावांनी पांढऱ्या शर्टानिशी तो ओढून काढला, आणि कोणी पाहायच्या आत उलटा करून घडी घातली. थोड्या वेळानं कारखाना सुरू झाला.

बाईंनी ती घडी उलगडून पाहिली. मग म्हणाल्या, इतक्या कारखान्यांत फिरले, पण बंद पडण्याचं कारण एवढं स्पष्ट कुठे छापून मिळालं नव्हतं. नवं काम मिळेल, पण प्रतवारी एकट्या देखभाल खात्यानं करायची. आता अ वर्गात कॉम्प्रेसर एकटा आहे. बाकी सगळे सारखेच खाली, त्यामुळे कोणाची तक्रार नाही. माझी माणसं जागेवर आहेत. मी सगळ्यांना उभं करून सांगितलं, नाव कुठे लागलं यावर कोणाचं मोल ठरत नाही, आणि ज्याला एवढंही कळत नाही त्यानं यंत्राजवळ उभं राहू नये. सादिकानं टाळ्या वाजवल्या.

वहिनींना नमस्कार, अंजलीला आशीर्वाद.

तुमची,
इंद्रायणी

ता. क. अंजलीची पत्रिका मिळाली. कागद चांगला आहे. नवरीची एकुलती एक आत्या शेवटच्या ओळीत, ‘समस्त मित्रपरिवार’च्या अलीकडे आहे, आणि वहिनींचे तळेगावचे भाऊ वरून दुसरे. मला स्वतःला काही वाटत नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. पुन्हा छापून घ्या.

ता. ता. क. कार्यालयाच्या दारातला फ्लेक्सही बदलावा लागेल. माझा फोटो तळेगावकरांच्या फोटोएवढा हवा, पट्टी मी घेऊन येते. आणि जुना फ्लेक्स जनरेटरजवळ ठेवू नका.