पोटाला रविवारची सुट्टी

२ जानेवारी १९४६, बुधवार. तिसगाव.

नवं वर्ष कालच लागलं. पण काल दयानं करंज्या केल्या होत्या, म्हणून मी वर्ष आजपासून धरतो.

निश्चय: वजन उतरवणे.

कारण नीट लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून मन डळमळणार नाही. गेल्या श्रावणात दया मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. तेव्हा मी देवळात मंडळीसमोर उभा राहून बोललो, की माझी बायको उठली तर कापणीच्या सणाला माझ्या वजनाइतकी ज्वारी वाहीन. आमच्या आज्यापर्यंत नवस दुसऱ्या देवांना होत. आम्ही ख्रिस्ती झालो, देव बदलला, खोड तेवढी राहिली. पाळकसाहेबांनी कपाळाला आठी घातली होती, पण ज्वारीला नको म्हणाले नाहीत.

दया उठली. देवानं त्याचा शब्द पाळला. आता माझी पाळी.

अडचण अशी. नवस बोललो तेव्हा काळजीनं माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. बाजारातल्या सत्यवान मापाड्याच्या काट्यावर सहज बसलो होतो, तर भरलो दोन मण. दया बरी झाली, चुलीपाशी बसायला लागली, आणि मीही बरा झालो. आज बसलो तर दोन मण दहा शेर.

आमचं शेत गावातले आबासाहेब बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करतात. यंदा पावसानं तोंड फिरवलं. आमच्या वाट्याला पाच मण आले तर नशीब, असं ते म्हणतात. दयाचं म्हणणं, घरात तीन मण राहिली तर पावसाळ्यापर्यंत निभेल. म्हणजे नवस दोन मणात बसवायचा. सण तीन मार्चला. दोन महिन्यांत दहा शेर, म्हणजे पाव मण. आठवड्याला जेमतेम सव्वा शेर. पोरखेळ आहे.

सिस्टिम: सहा दिवस सकाळी दीड भाकरी, रात्री एक. तूप, गूळ, शेंगदाणे बंद. रविवार मोकळा, वाटेल ते खायचं. यामागे सायन्स आहे. मी वीस वर्षं मिशनच्या शाळेत पोरं सांभाळतो. रविवारची सुट्टी नसती तर ती कार्टी सहा दिवस बाकावर बसली असती काय? पोटाचंही तसंच.

५ जानेवारी, शनिवार.

तीन दिवस नियम तंतोतंत पाळला. गुरुवार सोडून. गुरुवारी शेंगोळ्या होत्या, आणि शेंगोळ्या भाकरीत मोजाव्या की आमटीत, हे ठरवलेलं नव्हतं. आता ठरवलं. आमटीत.

उद्या रविवार. अंगात उत्साह जाणवतो.

६ जानेवारी, रविवार.

देवळातून आलो. कोंबडी, बाजरीची भाकरी, वर लोणी, शेवटी गूळ-तूप. मोकळ्या दिवशी हात आखडून खाणं ही सिस्टिमशी बेइमानी आहे, म्हणून प्रामाणिकपणे जेवलो. दया समोर बसून वाढत होती.

७ जानेवारी, सोमवार.

रस्सा उरला होता. अन्न टाकणं पाप. शिवाय तो रविवारी शिजलेला, म्हणजे रविवारच्याच खात्यातला. भाकऱ्या मात्र आजच्या, त्या मोजून दीडच. मग रस्सा उरला, म्हणून आणखी एक.

१२ जानेवारी, शनिवार.

आठवडा चांगला गेला. आज एक गोष्ट ध्यानात आली. शनिवारी शाळेला अर्धी सुट्टी असते. पोरांना अर्धी आणि पोटाला मुळीच नाही, हा पक्षपात झाला. दुपारी आबासाहेबांच्या निरोपावरून शेतात हुरड्याला गेलो. जाताना पायीच गेलो, तो व्यायाम. आगटीतली गरम कणसं चोळून ते माझ्या हातावर दाणे टाकत होते. तिळाची चटणी, भाजलेलं वांगं, दही. मी नको नको म्हणत होतो. पण हात पुढे होता, तो मागे घ्यायचं सुचलं नाही.

आबासाहेब म्हणाले, खावा मास्तर, रान तुमचंच हाय, तुमी खाताय ती तुमच्याच वाट्याची ज्वारी.

तेव्हा हसलो. घरी येताना हसू आलं नाही. म्हणजे ज्वारी तिकडे कमी होणार, आणि इकडे मी वाढणार.

१४ जानेवारी, सोमवार.

संक्रांत. शाळेला सुट्टी. आपण ख्रिस्ती, सण आपला नव्हे, पण सुट्टी सरकारी आहे. नियमात दुरुस्ती: शाळेला जी सुट्टी, ती पोटालाही. यामुळे सिस्टिमला एक शिस्त येते. मनाला येईल त्या दिवशी खायचं नाही, कॅलेंडर बघून खायचं.

आबासाहेबांच्या घरून गुळाच्या पोळ्या आल्या. तुपासकट.

१९ जानेवारी, शनिवार.

सत्यवानच्या काट्यावर बसलो. दोन मण तेरा शेर.

विचार केला. कोट अंगात होता. पायांत वहाणा होत्या. सकाळी तांब्याभर पाणी प्यालो होतो. काट्याची साखळीही मला एका बाजूला जड वाटली. सत्यवानला तसं सांगितलं. तो देवळाचा पंच आहे, सणाच्या दिवशी तोच तोलणार. म्हणाला, मास्तर, काटा हाय त्यो, त्याला तुमची अडचन कळत न्हाई.

मग कोट काढून बसलो. दोन मण तेरा शेर. कोट हलका आहे.

२० जानेवारी, रविवार.

आज दयाला बजावलं, रविवारचा बेत बेतानं कर. पीठ मळता मळता ती म्हणाली, अवो, मी पडून हुते तवा तुमी नुसतं पानी पिऊन शाळंत जायचा. मला दिसायचं सारं. उठून भाकर थापावी म्हनलं तर हात उठायचा न्हाई. आता तुमी जेवता तवा मला बरं वाटतं, आन तुमी म्हनता बेतानं कर.

यावर माझ्याकडे सायन्स नव्हतं. चार भाकऱ्या खाल्ल्या. बांगड्या आता तिच्या मनगटावर घट्ट बसतात, हे आज प्रथमच पाहिलं. फार बरं वाटलं.

उद्यापासून कडक.

२४ जानेवारी, गुरुवार.

दिपोटीसाहेब शाळा तपासून गेले. वाचन-गणितावर खूश होऊन उरलेल्या दिवसाची सुट्टी जाहीर केली. मी मागितली नव्हती. पण नियम तो नियम.

२७ जानेवारी, रविवार.

हुरड्याचा शेवटचा आठवडा. पुढे दाणा टणक होतो, मग वर्षभर नाही. गेलो. लिहिण्यासारखं काही नाही.

३ फेब्रुवारी, रविवार.

दोन मण सोळा शेर.

मला वाटतं, शरीर रविवारची वाट बघत सहा दिवस कमी खाल्लेलंही साठवून ठेवतं. शाळेतही मी पाहिलं आहे, सुट्टी जवळ आली की पोरं शांत दिसतात, पण आतून मस्ती जमवत असतात. मग सुट्टी बंद करावी का? सुट्टी बंद केली तर पोरं शाळाच सोडतात. या प्रश्नाला दोन्ही बाजू आहेत. जेवून विचार करीन.

१० फेब्रुवारी, रविवार.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना गाठलं. म्हटलं, नवस बोललो तेव्हा मी दोन मणांचा होतो, तर त्या वेळचं वजन धरणं न्यायाला धरून होईल. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, मास्तर, फेडायच्या दिवशी जो माणूस काट्यावर बसेल त्याचंच वजन. आणि खरं सांगू का, मंडळीतल्या पाच विधवांच्या घरी या ज्वारीची वाट बघताहेत. त्यातली एक तर माझ्या बायकोला विचारत होती, मास्तरांची तब्येत कशी आहे.

म्हटलं, तब्येत चांगली आहे.

ते म्हणाले, देवाची कृपा.

१७ फेब्रुवारी, रविवार.

खळं झालं. आमच्या वाट्याला पावणेपाच मण. पोती घरात आली तेव्हा दया बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभी होती. मग माझ्याकडे बघितलं. 

रविवार बंद. शनिवार बंद. सरकारी सुट्ट्या बंद. आजपासून दिवसाला एकच भाकरी, आणि ती पाण्याबरोबर. दोन आठवडे. मी मनावर घेतलं तर काय करू शकतो हे अजून या गावानं पाहिलेलं नाही.

२१ फेब्रुवारी, गुरुवार.

गावानं पाहिलं. चार दिवस नियम पाळला. देवाशपथ पाळला. आज फळ्यावर त्रैराशिक मांडताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खडूसकट खाली बसलो. पोरांनी घरोघर बातमी नेली. संध्याकाळपर्यंत निम्मी मंडळी आमच्या दारात. प्रार्थना झाली. शेजारच्या बनुबाईंनी डिंकाचे लाडू आणले, ते बाळंतिणीसाठी केलेले होते. म्हणाल्या, आधी मास्तर. माझ्या समोर बसून त्यांनी दोन खायला लावले. कुणी खारीक आणली, कुणी अंडी. अशक्तपणा आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मी नाही म्हणालो तर ते म्हणाले, ह्योच अशक्तपना.

दयाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिच्यासाठी तिसरा लाडू खाल्ला.

२७ फेब्रुवारी, बुधवार.

लाडू संपेपर्यंत नियम तहकूब होता. आज संपले.

२ मार्च, शनिवार.

सकाळी एरंडेल घेतलं. दिवसभराच्या श्रमानंतर नक्कीच दोन-तीन शेर गेले असावेत. दुपारनंतर अंग हलकं, चित्त प्रसन्न. संध्याकाळी दयानं खिचडी टाकली, पोट धुतल्यावर मऊ खिचडी औषधी असते. थोडं तूप वैद्यही देतात.

उद्या बघू. मला वाटतं दोन मण पाच शेरच्या आत निघेल.

३ मार्च, रविवार.

कापणीचा सण.

देवळापुढे तीन बांबूंचं तिकाटणं रोवून सत्यवाननं काटा टांगला होता. सगळी मंडळी, वर गावातले इतर लोकही. आबासाहेब फेटा बांधून आले होते. मी कोट, वहाणा, घड्याळ, सगळं उतरवून पारड्यात मांडी घातली. दुसऱ्या पारड्यात दया ज्वारी ओतत होती. माझ्या वर्गातली पोरं रांगेत उभी राहून खणखणीत आवाजात शेर मोजत होती. मोजणी मीच शिकवलेली. एकही चुकलं नाही.

दोन मण झाले. पारडं हललं नाही. दया थांबली, सत्यवानकडे बघितलं. तो म्हणाला, वता बाई. दहा शेर झाले. पंधरा झाले. पहिलं पोतं रिकामं झालं, तिनं दुसऱ्याचं तोंड सोडलं. पोरांचा आवाज वाढत चालला होता, त्यांना मौज वाटत होती. मी श्वास रोखून धरला, त्यानं काही होत नाही. पुढे बसलेल्या पाच विधवा माझ्याकडे इतक्या प्रेमानं बघत होत्या की मी मान खाली घातली.

वीस शेराला माझं पारडं जमिनीवरून उठलं. अडीच मण. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांनी उपकारस्तुती केली. आबासाहेब माझी पाठ थोपटून म्हणाले, नवस लई भारी फेडला, मास्तर.

घरी सव्वादोन मण राहिली. येताना दया पुढे चालत होती, मी मागे. म्हटलं, चुकलंच माझं. ती म्हणाली, तुमी जेवावं म्हून मी उठले, देवाला ठावं हाय त्ये. तिचं मला नीट कळलं नाही. पण वाईट वाटलं.

३१ मार्च, रविवार.

दयानं आता एका वेळेला एक भाकरी ठरवली आहे. रेशनवर खडे जास्त आणि धान्य कमी मिळतं. मोकळा दिवस नाही. सुट्ट्यांचा विषयही निघत नाही.

२२ एप्रिल, सोमवार.

काल ईस्टर झाला. आज बाजारात सत्यवानच्या काट्याजवळून जात होतो. त्यानं स्वतःहून बोलावलं, म्हणाला, बसा मास्तर, लई उतरलाय. बसलो.

दोन मण. बरोब्बर. शेरभरही इकडे तिकडे नाही. कसली सिस्टिम नाही, सायन्स नाही, एकाही रविवारी सुट्टी नाही. सणाला पन्नास दिवस उशीर, एवढंच.

आनंदानं घरी सांगायला आलो. दया चुलीपुढे भाकरी थापत होती. हात वर केला तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या.

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. तिची भाकरी कुठली, कधी खाते, किती खाते, हे मी महिन्याभरात एकदाही बघितलं नव्हतं. मी माझीच मोजत होतो.

जेवायला बसलो. माझ्या ताटातली अर्धी भाकरी मोडून तिच्या ताटात ठेवली. म्हटलं, मी पथ्यावर आहे, मला इतकी चालत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, पथ्य तुमाला कदी जमलं न्हाई, आता काय जमतंय. आणि अर्धी भाकरी परत माझ्या ताटात टाकली.

मी पुन्हा तिच्या ताटात टाकली. तिनं पुन्हा माझ्या.

मी खाल्ली.