बहिरूच्या जागी साजन

पुणे, ८ सप्टेंबर २०२५

ती. गोजराआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुझा आवाज ऐकून माझं तोंड उघडलं नसतं, म्हणून लिहितोय. स्नेहलवहिनीनं कळवलं, की गणपतीच्या मांडवात माझं गाणं लागलं, बाया हसल्या आणि तू आरती सोडून घरी गेलीस.

गाणं तुझंच. झेंडू तोडताना तू म्हणायचीस,

फुलांची पाटी माझी, भरली काठोकाठ,
बहिरू बंधवाची, पाहते मी वाट.

मी तिथं ‘साजन सख्याची’ घातलं आणि गीतकार म्हणून स्वतःचं नाव लावलं. त्याच गाण्यानं मी मोठा झालो. आज पोरं गिटारवर ओव्या म्हणतात, मला गुरू मानतात. मुलाखतीत मी सांगितलं, की शब्द प्रवासात सुचले. खरं सांगतो, शाळेत बाबांच्या ‘बहिरू’ या नावावरून मला ‘बहिऱ्याचा’ म्हणून चिडवायचे. ते नाव स्टेजवर घ्यायची लाज वाटली. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

अठरा ऑक्टोबरला नाशिकला कार्यक्रम आहे. येशील? लोभ असावा असं कोणत्या तोंडानं लिहू?

तुझा भाचा,
स्वराज

मखमलाबाद, १५ सप्टेंबर २०२५

चि. स्वराज यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मी चौथी शिकलेली, चुकलंमाकलं गोड मानून घे. झेंडू बरा हाय, पावसानं एक वाफा नासला. घसा जपतो, का अजून फ्रीजमधलं पाणी ढोसतो?

गाणं नेलंस त्याचं काय नाय. पण एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली पाळी सुटली की बहिरू सायकलवर माझ्या पाट्या बाजारात न्यायला यायचा, हे अख्खं गाव जाणतं. आता शेजारची चिमणाबाई विचारते, या वयात साजन कुठला काढला. भावाचा साजन केलास रे. मळ्यात मान वर करून जाता येईना.

तुझ्या बारशाला तुझ्या बापाच्या मनात सोमा होतं, आज्याचं नाव. आत्या म्हणून मी तुझ्या कानात स्वराज सांगितलं. त्याला आवडलं नाय, पण मी ठेवलेलं नाव त्यानं कधी बदललं नाय.

कार्यक्रमाला येणार नाय. माया हाय, ती मागावी लागत नाय.

तुझी,
गोजराआत्या

नाशिक, १९ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल गायलो. आधी सांगितलं, की ही ओवी गोजराबाईंची, बहिरू म्हणजे माझे वडील, आणि मी दोघांची नावं दहा वर्षं लपवली. मग तुझे शब्द म्हटले. लोक मात्र सवयीनं साजनच म्हणत राहिले. तीनदा म्हटलं, तिन्ही वेळा बाबांचं नाव त्या आवाजात बुडालं. मी शिकवलेलंच ते म्हणत होते, रागावू कुणावर?

भाऊबीजेला येतोय. बाबा गेल्यापासून त्यांच्या पाटावर तू मला बसवून ओवाळतेस. यंदा पाट मांड, पण रिकामा ठेव. मी खाली बसेन. तू ओवी म्हण, मी नुसती ऐकेन.

तुझा,
स्वराज