दुसरीने बरोबर म्हणायचं

नाशिक रोड,
१२ जानेवारी २०२५

ती. मोहिनीआत्यास,
आरोहीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानांनी संप पुकारल्यापासून फोनवर बोलणं म्हणजे सगळ्या वॉर्डाला घरच्या गोष्टी ऐकवणं, म्हणून हे पत्र. कानाचं यंत्र डबीत ठेवायला घेतलेलं नाही, असं पप्पांनी तुला कळवायला सांगितलंय.

बातमी अशी की इस्पितळातल्या 'या महिन्याची आदर्श परिचारिका' या फलकावर माझा फोटो लागलाय. मी नोकरीला लागले तेव्हा तू मनमाडहून सवयींचा पाढाच पाठवला होतास. पाळीच्या आधी पोचायचं, पोटभर खाऊन जायचं, येत नसेल ते विचारायचं, आणि औषध देण्याआधी मोठ्याने म्हणायचं. तुम्ही रेल्वेच्या दवाखान्यात करायचात तसं. पेशंटने स्वतःचं नाव सांगायचं, एकीने औषधाचं नाव म्हणायचं, दुसरीने 'बरोबर' म्हणायचं. मी सुरू केलं तेव्हा सगळ्या मला पोपट म्हणायच्या. उत्तर द्यायची ती एकटी पूजा. ती माझ्याबरोबरच लागली, ओझरची आहे, आणि डब्यात जवळजवळ रोज मेथी आणते.

मग 'यशस्वी नोकरीच्या सवयी' शिकवायला एक सर आले. त्यांनी मला सगळ्यांपुढे उभं करून ते करून दाखवायला लावलं, आणि टाळ्या पडल्या. आता सगळ्याच वॉर्डांत असं म्हणतात. मेट्रन संध्या मॅडम म्हणाल्या, एप्रिलमध्ये कायम करायच्या यादीत तुझं नाव पहिलं. फलकावर खरं तर आत्याचा फोटो हवा होता, असं मी पप्पांना म्हटलं, तर म्हणाले, मग पेशंट पळून गेले असते.

यंत्र घाल. लोभ आहेच, तो रागावूनही कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
आरोही


मनमाड,
२१ जानेवारी २०२५

चि. आरोहीस,
मोहिनीआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं, फोटोही पोचला. शेजारच्या नवसाबाईंना दाखवला. नर्स असून केस मोकळे कसे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा फोटोपुरते, असं मी ठोकून दिलं. खरं आहे ना? यंत्रातून नुसती शिट्टी वाजते, आणि मनमाडला शिट्ट्यांना काही तोटा नाही, असं तुझ्या बापाला सांग.

पोरी, मला फार बरं वाटलं. माझी उभी नोकरी गेली, पण हातून कधी चुकीचं औषध गेलं नाही. त्याला हुशारी लागत नाही, सवय लागते. इतकी अंगात मुरू दे की विचारसुद्धा करावा लागू नये. मग डोकं दमलं तरी काम चुकत नाही.

मेथी तूही खात जा. माया आहे, ती तशीच राहील.

तुझी,
आत्या


नाशिक रोड,
९ मार्च २०२५

ती. मोहिनीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आमच्याकडे सहादू नावाचा पेशंट होता. पेठकडचा, इकडे बांधकामावर यायचा. पायाची जखम चिघळली म्हणून दाखल झाला होता आणि बरा होत आला होता. नाव विचारलं की शाळेत हजेरी द्यावी तसा मोठ्याने सांगायचा आणि हसायचा. त्याची बायको सरुबाई दिवसभर खाली पायऱ्यांवर बसून असायची.

गुरुवारी दुपारी पूजा त्याला इंजेक्शन द्यायला गेली. तिने नाव विचारलं, त्याने सांगितलं. तिने औषधाचं नाव म्हटलं. मी शेजारच्या खाटेची सलाईन लावत होते, त्यांच्याकडे पाठ करून. मी बरोबर म्हटलं.

पूजाने औषधाचं नाव कागदावरचं वाचलं होतं. हातातली कुपी दुसरीच होती, पोटॅशियमची. ते सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायचं असतं, थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. त्याचं थांबलं. आम्ही सगळ्यांनी खूप धडपड केली, पण तो गेला.

मी वळून बघितलंच नाही, आत्या. हल्ली कुणीच बघत नव्हतं. आरती म्हणावी तसं म्हणत होतो.

त्याला हृदयाचा झटका आला, असं सरुबाईला सांगितलं गेलं. ती त्याला घेऊन गावी गेली. पूजाकडून राजीनामा लिहून घेताहेत, आणि तिने माझं नाव घेतलेलं नाही. संध्या मॅडम मला म्हणाल्या, तू तिथे नव्हतीसच असं समज, तुझी कायमची ऑर्डर तयार आहे. मला अन्न जात नाही. मी काय करू ते लिही.

तुझी,
आरोही


मनमाड,
१४ मार्च २०२५

चि. आरोहीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून चुलीत घातलं. हेही तसंच कर.

तू गप्प राहा. औषध तुझ्या हातून गेलेलं नाही, तू एक शब्द बोललीस. त्यापायी सगळा जन्म मातीत घालू नकोस. तू बोललीस म्हणून तो माणूस परत येणार नाही. तुझा बाप आता थकलाय, त्याच्याकडे बघ.

आमच्याकडे दुसरी ती कुपी स्वतःच्या हातात घेऊन वाचायची आणि मगच बरोबर म्हणायची. हे मी तुला कधी लिहिलंच नाही. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगायला हवं हेच सुचलं नाही. वर विचार करावा लागू नये, असं लिहून बसले. मला झोप लागत नाही. ती चूक माझ्या पदरात राहू दे, पण तू तोंड उघडू नकोस. मला भीती वाटते.

तुझीच,
आत्या


नाशिक रोड,
३० मार्च २०२५

ती. मोहिनीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही, त्याबद्दल रागाव. तुझं पत्र मात्र जाळवलं नाही.

आधी इस्पितळात सगळं लिहून दिलं. मग पूजा आणि मी एसटीने पेठला गेलो आणि तिथून चालत त्यांच्या पाड्यावर. सरुबाई आणि सहादूचा भाऊ अंगणात होते. मी मोठ्याने सांगितलं, पूजाचं आणि माझं, दोघींचं. भाऊ अंगावर धावून आला, लोकांनी धरला. तो पोलिसांत गेला आहे आणि ते योग्यच आहे. नोकरी गेली. नर्सचं काम पुन्हा करता येईल का, कुणीच सांगत नाही. पप्पा माझ्याशी बोलत नाहीत, पण ताट वाढून ठेवतात.

सरुबाई रडली नाही. जाताना तो काय बोलला, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, स्वतःचं नाव बोलला. आम्हा तिघांत त्याचंच तेवढं खरं होतं. कसा बोलला ते म्हणून दाखव, असं ती म्हणाली. मी त्याच्यासारखं मोठ्याने, हेल काढून म्हटलं. तिने माझ्या तोंडाकडे बघत ते नीट ऐकलं, आणि मग बरोबर म्हणाली, तो असंच सांगायचा.

लोभ उरला असेल तर कळव.

तुझी,
आरोही