माडीवरची खोली इंगव्वाची

मी, शांतव्वा रुद्राप्पा पट्टणशेट्टी, वय चौऱ्याहत्तर, मूळची गडहिंग्लजची, हल्ली राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने लिहून ठेवते. गुडघे सोडले तर माझे सगळे ठिकाणावर आहे. मला कुणी भरीस घातलेले नाही; उलट पुतण्या संगमेश अडवतोच आहे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

कलम एक. माझे यजमान रुद्राप्पा यांनी मिरचीच्या अडत दुकानाच्या कमाईवर हे घर बांधले व त्यांच्या पश्चात ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. आम्हाला मूल झाले नाही. खालचा सगळा मजला आणि बँकेतली ठेव संगमेशला द्यावी. माझ्या आजारपणात दवाखान्यात बसून राहिला तो तोच. त्याची बायको विद्याश्री हिला माझ्या पाटल्या आणि खलबत्ता. खलबत्त्यात तिने चटणी कुटावी, शोकेसमध्ये ठेवू नये.

कलम दोन. यजमानांचा मिरची तोलायचा काटा गडहिंग्लजच्या मठाला द्यावा. त्या काट्यावर यजमानांनी कुणाला फसवले नाही. स्वतः मात्र पुष्कळदा फसले.

शेजारीण बायडाबाई हिला इरकली लुगडे द्यायचे मनात होते. पण जिला मिळते तिने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणाले, आणि बायडाबाईने लुगड्यापेक्षा सही पसंत केली. तिची हौस दांडगी.

कलम तीन. माडीवरची खोली, गच्चीसह. या कलमावर भांडण होणार, म्हणून सविस्तर लिहिते.

१९९४ साली दिवाळी होऊन गेल्यावर पाठीला गिटार लावलेली एक उंच गोरी बाई आमच्या दारात उभी राहिली. नाव इंगा स्कुगेन, देश नॉर्वे. मिरजेत तंबोरा करायला टाकला होता, तो होईपर्यंत महिनाभर खोली हवी होती. आल्या दिवशी तिने आपल्या गावची भेट म्हणून वाळका मासा माझ्या हातात ठेवला. लिंगायताच्या घरात मासा. मी तो कागदासकट बायडाबाईकडे धाडला. तिने कालवण करून खाल्ला आणि अजून आहे का विचारले.

इंगा स्वतःची गाणी स्वतःच लिहिते, स्वतःच चाल लावते. तिकडे ऐन विशीत तिची रेकॉर्ड गाजली आणि मग जाईल तिथे लोक तेच एक गाणे मागू लागले. नवे लिहायला बसली की तिला काही सुचेना. ती त्याला कंटाळून आली होती, हे मला फार पुढे कळले.

यजमान तेव्हा छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले. आमच्यात माणूस गेले की त्याला बसते करतात आणि मातीला नेईपर्यंत समोर भजन चालते. एका सकाळी इंगाने वर गाणे धरले, संथ आणि लांबलचक सुरांचे. बायडाबाईला वाटले, रुद्राप्पा गेले. तिने गल्लीभर सांगितले. माणसे टोप्या घालून आली. आमची चूल पेटणार नाही म्हणून घराघरातून पिठलं-भाकरी आली. बायडाबाई तर उंबऱ्यातच रडायला लागली. आज ती नाही म्हणते, म्हणून इथे नोंद करते. आत यजमान उशीला टेकून चहा पीत होते. त्यांनी सगळ्यांकडे बघितले आणि म्हणाले, "आलासाच हाय तर बसा की. बाई, आणि एक म्हणा."

इंगा खाली येऊन गायली. कुणी तिचे ते गाजलेले गाणे मागितले नाही, कारण कुणाला ते माहीतच नव्हते. त्याच आठवड्यात तिने नवे गाणे लिहिले. मग दर हिवाळ्याला यायला लागली. वरच्या खोलीत लिहायचे आणि तिकडे जाऊन गायचे. मोठमोठ्या सभागृहांत गायली, बक्षिसे मिळाली. मला त्यातला एक शब्द कळत नाही. यजमानांनी तिचे नाव इंगव्वा ठेवले, ती गल्लीतली मराठी शिकून मला अव्वा, म्हणजे आई, म्हणू लागली, आणि भाडे घ्यायचे आम्ही कधी सोडले ते आठवत नाही.

१९९८ साली यजमान खरोखर गेले. ती विमानाने येईपर्यंत माती झाली होती. दिवस होईपर्यंत ती माझ्या अंथरुणाशेजारी झोपली. एकदाही गायली नाही. तेव्हापासून ती माझी लेक.

दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यातली गाठ काढली आणि आवाज गेला. आता नुसते घोगरे बोलते. गेल्या हिवाळ्यात आलीच नाही. यंदा आली ती तंबोरा आणि कपडे घेऊन कायमची जायला. मला म्हणाली, "अव्वा, गळा गेला. आता खोली घिऊन काय करू?"

मी म्हटले, "खोली काय गळ्याला दिलती व्हय? तुला दिलती."

ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. संगमेशला तिथे शिकवणीचे वर्ग काढायचे आहेत. "चिगव्वा, चार महिन्यांसाठी आठ महिने खोली बंद ठिवायची का?" असे तो मला, आपल्या काकूला, विचारतो. हिशेबाने त्याचे खरे आहे. पण लेक माहेरी किती दिवस राहते यावर माहेर ठरत नाही.

तरी माडीवरची खोली व गच्ची यांत राहण्याचा हक्क इंगा स्कुगेन हिला तहहयात राहील. ती आली नाही तरी खोली भाड्याने देऊ नये. विद्याश्रीने गादी अधूनमधून उन्हात टाकावी. इंगाच्या पश्चात ती जागा संगमेशची.

कलम चार. मला रुद्रभूमीत यजमानांशेजारी ठेवावे. इंगव्वा इथे असेल तर माती देताना तिला लेकीच्या जागी उभे करावे. गा म्हणून कुणी सांगू नये.

कलम पाच. वरचे सगळे वकिलांनी आत्ता वाचून दाखवले. इंगव्वा बाजूला बसून ऐकत होती. तिने एवढेच विचारले, "अव्वा, मी तुज्या आधी गेलो तर?"

तर तिलाही आमच्या शेजारीच जागा द्यावी. वकील म्हणाले, दुसऱ्याच्या मातीची व्यवस्था आपल्या मृत्युपत्रात लिहिता येत नाही. मी म्हटले, लेकीची येते. लिहा.

लिहून देणार: शांतव्वा रुद्राप्पा पट्टणशेट्टी (सही)

आमच्यासमोर सही केली, आम्ही तिच्यासमोर केल्या:
१. बायडाबाई आकाराम चौगुले (सही)
२. कृष्णात जोतीराम पोवार, औषध दुकानदार (सही)

राजारामपुरी, कोल्हापूर
२० डिसेंबर २००७