डाव्या हाताचा पीळ

बाबा,

मागच्या महिन्यात आम्ही बाग सेवनियातल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. सामान लावताना सुनेनं दिवाण उघडला आणि तळाशी जुन्या चादरीत गुंडाळलेलं तुमचं मॅक्रमे, दोऱ्यांना गाठी मारून केलेलं भिंतीवरचं, तिच्या हाती लागलं. माझ्या लग्नात तुम्ही दिलेलं, सायीच्या रंगाचं, दारापेक्षा थोडंच अरुंद. ती ते दोन्ही हातांनी वर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, हे इतकी वर्षं आत का ठेवलंत? लोक असं विंटेज काम शोधत फिरतात." मी म्हटलं, जागा नव्हती. जागा होती. साकेत नगरच्या घरात बैठकीच्या दोन भिंती अगदी मोकळ्या होत्या, आणि त्या तुम्हीही पाहिल्या होत्या.

सुनेला भिंतींची फार हौस आहे. फ्रेम नको, कॅलेंडर नको, दोऱ्याचं, सुताचं, विणलेलं काहीतरी हवं, असं तिचं आधीपासून चाललं होतं. माझ्याकडे आईचं हिरवं मॅक्रमे होतंच. ते आई गेल्यावर मी मागून आणलं होतं आणि प्रत्येक घरात दर्शनी भिंतीवर लावलं होतं. आता त्याच्या शेजारी तुमचं लावायचं ठरलं. दोन्ही इतक्या वर्षांत काळपट झाली होती, तुमच्या मोठ्याची वरची काठी वाकली होती, हिरव्याची एक लाकडी कडी तडकली होती. नेहरू नगरात एक मुलगी असली कामं करते असं सुनेला कळलं. नेहरू नगर म्हटल्यावर मीच म्हटलं, मी जाते.

तिथलं आपलं जुनं क्वार्टर आता ओळखू येत नाही. पण गल्लीत शिरल्यावर मला समोरच्या खोलीची खिडकी आठवली. तुमची कंबर धरली होती ते वर्ष. डॉक्टरांनी तीन महिने लाकडी फळीवर झोपायला सांगितलं होतं, ऑफिस बंद, स्कूटर बंद. मागच्या लाइनीतल्या एक बाई दुपारी मॅक्रमेचा क्लास घेत, आणि आईनं तिथे नाव घातलं होतं. मी त्या उन्हाळ्यात नागपूरला मामाकडे होते. परत आले तेव्हा हिरवं मॅक्रमे भिंतीवर लागलेलं होतं आणि आई म्हणाली, "झालं बाई एकदाचं." मी समजले, तिनं केलं. तुम्ही तोवर उठून बसायला लागला होतात. खिडकीच्या गजाला नायलॉनचे दोरे बांधून दुसरं काहीतरी सुरू केलं होतं, मांडीवर मण्यांची पितळी वाटी, बाजूला टोकं जाळून चिकटवायला मेणबत्ती. मला वाटलं, आईनं शिकवलं असेल, वेळ जात नाही म्हणून.

कंबर बरी झाली, तुम्ही ऑफिसला जायला लागलात, पण दोरे सुटले नाहीत. संध्याकाळी चहा झाला की अर्धा तास खिडकीपाशी. दोऱ्याची गुंडी संपली की तुम्ही स्वतः चौकात जाऊन आणायचात, रंग उजेडात धरून बघायचात, आणि दुकानदार विचारायचा, मॅडम नहीं आईं? वडील ऑफिसात बाबू, फायलींचे गठ्ठे बांधणारे, आणि घरी बायकांच्या क्लासमधलं काम करणारे, हे मला नववीत असताना नको वाटायला लागलं होतं. कुणी मुद्दाम चिडवलं होतं असंही नाही. मला आपलं नको वाटत होतं.

मग ते मंडळाचं प्रदर्शन. गणपतीत बायकांच्या हस्तकलेचं असायचं, आणि आईनं तुम्ही दोऱ्यांचं केलेलं एक मोठं घुबड स्वतःच्या नावानं दिलं. तुम्हीच म्हणाला होतात म्हणे, दे, कोण विचारतंय. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. आई स्टेजवर गेली, स्टीलचा डबा घेतला, आणि अध्यक्षबाई हौसेनं म्हणाल्या की आता वहिनींनी एक गाठ करून दाखवावी, सगळ्यांना शिकता येईल. कुणीतरी दोरा आणून दिला. आईनं दोरा हातात घेतला, जरा वेळ बघितलं आणि माइकसमोरच म्हणाली, "मला नाही येत. हे आमच्या यांनी केलंय."

हॉल हसला. वाईट हसला असं आज म्हणवत नाही, पण हसला. मागून एक काका म्हणाले, आता मोदकही यांच्याकडूनच करून घ्या वहिनी. तुम्ही पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत होतात. तुम्ही उठलात, चष्मा पुसलात, स्टेजवर गेलात, एक खुर्ची मागून घेतलीत आणि तिच्या पाठीला दोरे बांधायला सुरुवात केलीत. अगदी ऑफिसात गठ्ठा बांधावा तसं. मी तेवढंच पाहिलं. मी उठले, चपला शोधल्या आणि एकटी चालत घरी आले. पुढे काय झालं ते आईकडून कळलं, की दहा-बारा बायका खुर्चीभोवती जमल्या, तुम्ही दोनदा सोडून दोनदा बांधून दाखवलंत, आणि हसणाऱ्या काकांच्या बायकोनं सगळ्यांत जास्त प्रश्न विचारले.

घरी आल्यावर तुम्ही मला विचारलंत, "डोकं दुखत होतं का?" मी हो म्हटलं. तुम्ही म्हणालात, बाम आलमारीत वरच्या खणात आहे. त्या विषयावर आपलं एवढंच बोलणं झालं. नंतर माझ्या मैत्रिणी यायच्या असल्या की मी सांगायचे, बाबा, तुम्ही आत बसा ना, आणि तुम्ही दोरे गजावरून सोडून वाटीसकट आत जायचात. एकदाही का म्हणून विचारलं नाहीत.

लग्नात तुम्ही ते सायीच्या रंगाचं दिलंत. आठ महिने लागले असं आई सांगायची. पुढे आई गेली, आणि तेराव्यानंतर मी तिची म्हणून हिरवी वस्तू मागून आणली. त्याच हिवाळ्यात तुम्ही साकेत नगरला आलात, चार दिवस राहिलात. पहिल्या दिवशी हिरव्यासमोर बराच वेळ उभे होतात. मी चहा घेऊन आले आणि म्हटलं, आईची आठवण म्हणून समोरच लावलंय. तुम्ही म्हणालात, "चांगल्या जागी लावलंस." दुसरं कुठे आहे, ते विचारलं नाहीत. मीही विषय काढला नाही. मग वर्षभरात तुम्हीही गेलात.

नेहरू नगरची ती मुलगी तिशीची असेल. तिच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत दोरेच दोरे. तिनं दोन्ही वस्तू गादीवर पसरल्या आणि बोटांनी गाठी चाचपत खाली खाली जाऊ लागली. आधी तुमचं मोठं पाहिलं. म्हणाली, "आंटी, जिन्होंने ये बनाया, वो लेफ्टी थे क्या?" मी चमकले. तुम्ही लिहायचात उजव्या हातानं, कारण शाळेत मास्तरांनी डाव्यावर छड्या मारून ती सवय मोडली होती. पण पेन्सिलीला टोक काढायचं, स्कूटरचा नट पिळायचा, सुतळी बांधायची ते सगळं डाव्या हातानं. मी हो म्हटलं, वडील होते. तिनं दाखवलं, की एकाच बाजूच्या दोऱ्यानं गाठ सुरू करत गेलं की पूर्ण वेल एका दिशेला पिळत जाते, आणि डावखुऱ्या माणसाची बहुधा उलट्या दिशेला. मग तिनं हिरवं ओढलं. वरून वीतभर बोटं फिरवली, थांबली, आणि म्हणाली, "इसमें तो दो लोगों का हाथ है. ऊपर का किसी और ने किया है, थोड़ा ढीला है. यहाँ से नीचे पूरा आपके पापा का है."

मी चष्मा लावून पाहिलं. ती दाखवत होती ते लहान मुलालाही दिसलं असतं. वर वीतभर पीळ उजवीकडे जातो, मग एके ठिकाणी जरा गुंतल्यासारखं होतं, आणि तिथून खाली टोकापर्यंत, दोन्ही कड्यांसकट, पीळ डावीकडे. आईनं वीतभर करून टाकून दिलं होतं. तुम्ही फळीवर पडल्यापडल्या उरलेलं केलंत. तिच्या "झालं बाई एकदाचं"मध्ये कुणी केलं हे नव्हतंच, ते मी घातलं. तीस-बत्तीस वर्षं मी पाहुण्यांना आईच्या हातचं म्हणून तुमचं काम दाखवत होते. आणि तुम्ही चहाचा कप हातात घेऊन त्याच्यासमोर उभे राहून, चांगल्या जागी लावलंस, एवढंच म्हणालात.

मला तिथे रडू वगैरे आलं नाही. मी तिला काठी कुठल्या लाकडाची घालणार ते विचारलं, ती म्हणाली सागाची, मी म्हटलं चालेल. रिक्षात बसल्यावर मात्र बाग सेवनियाचं वळण मागे गेलं आणि रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं तेव्हा कळलं.

आता दोन्ही शेजारी शेजारी लागली आहेत. तुमचं मोठं सोफ्याच्या वर, हिरवं दाराजवळ. धुतल्यावर साय पुन्हा सायीसारखी दिसते. परवा सुनेच्या ऑफिसातले लोक जेवायला आले होते. एकीनं विचारलं की हे कुणाचं काम. मी म्हटलं, दोन्ही माझ्या वडिलांचं. हिरव्यातली वरची वीत आईची, तेही सांगितलं. ती म्हणाली, कलाकार होते वाटतं. मी म्हटलं, नाही, सरकारी ऑफिसात बाबू होते, आणि फावल्या वेळात हे करायचे. कुणी हसलं नाही. फोटो काढले.

हे लिहायला बसले ते तुम्हाला एवढं कळवावं म्हणून. पण लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली, ती लिहून थांबते. आता दोरेकाम फॅशनमध्ये आहे, सुनेला आवडतं, पाहुणे कौतुक करतात, म्हणून हे सोपं झालं. तसं काही नसतं, आणि तुम्ही हयात असता, तर मी तुमचं मॅक्रमे भिंतीवर लावलं असतं का, हे मला खरंच सांगता येत नाही.