मधलं नाव

हौगांग, सिंगापूर
१९९४

ती. मामंजी,

जहाजावरच्या अपघातात हरीश गेला, त्याच्या चौकशीच्या निकालाची प्रत मागायला आज कोर्टात गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी ‘टिपणीस’ शोधलं. “नॉट इनसाइड, लाह.” म्हणजे त्या नावाची फाइलच नव्हती. मग त्याचा पासपोर्ट बघून त्यांनी मधलं नाव टाकलं आणि फाइल निघाली. इथल्या लोकांनी तेच आडनाव समजून पानापानावर लिहिलं होतं, मिस्टर मधुसूदन.

आमच्या लग्नानंतर तुम्ही त्याला बजावलं होतंत, “यापुढे माझं नाव लावायचं नाही.” त्याच्याने ते पुसवलं नाही. आणि आता इथे त्याचं तेवढंच नाव उरलंय.

हे टपालात टाकणार नाही. तुम्हाला सोसणार नाही.

तुम्ही सून न मानलेली,
अनुजा